उपदेशकाचा दंड

मार्गशीर्ष शुद्ध २, शके १८५७. पिंपळगाव रेणुकाई.

आज मराठी भाषेचा एक रफार गेला, आणि अख्ख्या संस्थानात कोणाच्या डोळ्यांतून टिपूस नाही. साप्ताहिकाचा अंक टपालाने आला. तिसऱ्या पानावर माझा लेख, 'प्लेग आणि आपले कर्तव्य'. लेख उत्तम. एडिटरने त्यातले संस्कृत तेवढे कापले, ते त्याचे दुर्दैव. पण खाली सही अशी: 'आमचे पिंपळगावचे वाताहर.' वार्ताहर नव्हे, वाताहर! ज्याने उमेदीची वर्षे पैठणच्या पाठशाळेत व्याकरण घोकण्यात घालवली, त्याला छापील अक्षरांत वायू हरणारा म्हणावे?

कंपोझिटरला कडक पत्र लिहिणार. मसुदा डोक्यात तयार. शाई संपली आहे.

संध्याकाळी शेजारचा कडूबा आला. शेती मध्यम, जीभ धारदार. म्हणाला, शास्त्रीबोवा, तुमी वात घालवता असं पेपरात आलंय म्हनं. आमच्या म्हतारीचे गुडघे धरलेत. येऊन जा जरा.

शु. ३

भोकरदनच्या बाजारात उंदीर पडले. उंदीर पडले की मागोमाग माणसे पडतात, हे लेखात लिहिलेच आहे. सरकारी डॉक्टर लस घेऊन गावोगाव फिरून राहिले आहेत. आपल्याकडे सप्तमीला.

रेणुकादेवीच्या देवळात लेख मोठ्याने वाचला. गर्दी चांगली होती. प्रसादही होता. मुद्दे स्पष्ट मांडले: सर्वांनी दंडाला टोचून घ्यावे, एखाद दिवस ताप येतो, दंड सुजतो, भिण्याचे लवमात्र कारण नाही.

मग कडूबाने विचारले, तुमी घेतलं का?

मी शांतपणे समजावले. लेखकाचे काम मार्ग दाखवण्याचे. जालन्याच्या सडकेवरचा मैलाचा दगड येणाऱ्या-जाणाऱ्याला जालना दाखवतो. तो स्वतः कधी जालन्याला जातो का?

कडूबा म्हणाला, पर दगडाला पिलेग व्हत न्हाई.

लोक हसले. आपल्या लोकांना उपमालंकार कळत नाही.

शेवटी काकासाहेब पाटील बोलले. शास्त्रीबोवा, म्हणाले, गावाची रीत तुमाला ठाऊक हाये. नदीला पूर असला अन् कोनी म्हनलं की हितं उतार हाये, तर म्हननाऱ्यानंच कासरा धरून बैलाच्या म्होरं पाण्यात शिरायचं. न्हाई तर म्हनायचंच न्हाई. तुमी शिरा, आमी मागून येतो.

रीत रास्त आहे, असे मी म्हणालो. ती बैलगाड्यांपुरती आहे, हे म्हणायचे राहून गेले.

ठराव: सप्तमीला पहिली सुई मी घेणार. चारचौघांत. उभ्याने.

शु. ५

भाषण तयार. आरंभ स्वरचित: 'सूची सूक्ष्मा, भयं स्थूलम्.' सुई बारीक, भीती जाडी. एवढ्यानेच निम्मे गाव रांगेत उभे राहावे.

बाही वर सारून आरशात दंड पाहिला. जरा किरकोळ वाटतो. व्याकरणाने दंड भरत नाहीत. उद्यापासून सूर्यनमस्कार.

कुटुंबाने विचारले, हे काय चाललंय? म्हटले, लोकशिक्षण. ती म्हणाली, बाही खाली करा, गारठा आहे. तुम्हाला लगेच पडसं होतं.

माझे ऐकायचे नाही, हा तिचा लग्नापासूनचा बाणा.

शु. ६, चंपाषष्ठी

भरीत आणि रोडगे. सूर्यनमस्कार राहिले. रोडगे राहिले नाहीत.

शु. ७, सकाळ

मन प्रसन्न. पोट जड. तरी ठराव तो ठराव. निघतो.

शु. ७, दुपार

झाले ते नीट लिहून ठेवले पाहिजे. पुढे विपर्यास होण्याचा संभव आहे.

डॉक्टर बदरोद्दीन चावडीत बसले होते. गोल, हसरे गृहस्थ. स्पिरिटच्या दिव्यावर भांडे, भांड्यात सुया उकळत. पुढे लोकांची ही गर्दी. मला पाहून डॉक्टर म्हणाले, आओ पंडितजी, पैले आप. लोगां देख रहे.

आणि त्यांनी चिमट्याने सुई वर काढली.

मी आजवर 'सुई' हा शब्द धोतर शिवायच्या अर्थाने वापरत आलो. लेखातही त्याच अर्थाने वापरला. ही सुई नव्हती. हे दाभण होते, ज्याने पोती शिवतात. शब्दाचा असा अर्थविस्तार कोशात नोंदवलेला नाही, त्याला मी काय करू?

मी डॉक्टरांच्या कानाशी, अगदी हळू, म्हणालो, आज भद्रा आहे.

आता भद्रा ही पंचांगातली अशुभ वेळ, तिच्यात नवे कार्य करू नये, हे त्या भल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? ते खणखणीत आवाजात म्हणाले, भद्रा कौन जी? तुमारी साली है क्या? उसकू बी बुलाओ, उसकू बी टोच देतूं!

मागे झुंबरबाई उभी होती. आमच्या पलीकडच्या घरची. तिच्या कानात पडले ते देवळापासून वेशीपर्यंत पडले. बाई बाई, भद्रा हाये, शास्त्रीबोवा म्हनले भद्रा हाये! चिलीम पेटायच्या आत चावडी रिकामी. ज्यांनी माझा दीड स्तंभाचा लेख ऐकून कूस बदलली नाही, त्यांनी माझे दोन शब्द शिरसावंद्य मानले.

वाणीचा प्रभाव आहे, हे नाकारता येत नाही. दिशा जरा चुकली.

शु. ७, दिवेलागण

पंचांग काढून पाहिले. भद्रा उद्या आहे. म्हणजे मी असत्य बोललो नाही; एक दिवस आगाऊ बोललो.

शु. ८

आज खरीच भद्रा. चावडीकडे कुत्रे फिरकले नाही. मी घरोघर जाऊन सांगितले, की टोचून घ्यायला हरकत नाही, भद्रा माझ्यापुरती होती. कडूबा म्हणाला, आसं व्हय? तुमची भद्रा येगळी अन् आमची येगळी? मंग आमचा पिलेगबी येगळाच आसंल.

डॉक्टर पाटलांकडे पत्ते खेळत होते. मला पाहून ओरडले, क्यूं पंडितजी, मेहमान गये क्या?

शु. ९

दुसरा लेख हाती घेतला: 'उपदेशक आणि उपदेश.' प्रश्न असा, की सल्ला देणाऱ्याने सल्ल्याचा धोका स्वतः पत्करावा काय? माझे उत्तर: कदापि नाही. न्यायाधीश फाशी सांगतो, आधी चढून दाखवत नाही. वैद्य कडू काढा देतो, स्वतः पीत नाही. शिवाय मी टोचून घेतले तर मी एका पक्षाचा झालो. मग माझ्या मताचे निःपक्षपातित्व उरले कुठे? टोचून न घेण्यात केवढा त्याग आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

कुटुंब भाकरी थापत होती, तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, ते राहू द्या. ताप खरंच एखाद दिवसच राहतो?

मी म्हणालो, लिहिले आहे ना.

बिलकुल भ्यायचं नाही?

बिलकुल नाही, असे मी अधिकारवाणीने सांगितले. तिने तव्यावरची भाकरी उलटली. मूळ सिद्धांताकडे तिचे लक्ष नव्हते.

शु. १०

ठरावाप्रमाणे सकाळी चावडीच्या दारापर्यंत गेलो. डॉक्टर न्याहारी करत होते. जेवत्या माणसाला उठवणे शिष्टाचाराला धरून नाही. परतलो.

दुपारी पुन्हा गेलो. ते झोपले होते.

तिसऱ्यांदा गेलो नाही. एखाद्याच्या किती मागे लागावे?

शु. ११, एकादशी

उपास. उपाशीपोटी टोचून घेणे योग्य नव्हे. आज दुपारनंतर भद्राही आहे. पंचांग या महिन्यात मला फारच अनुकूल.

संध्याकाळी पाटलांच्या कणगीखाली तीन उंदीर मरून पडलेले निघाले.

चंपाषष्ठीला ज्या गावात रोडग्यांचा वास होता, तिथे आज बायका भांडी बांधून राहिल्या आहेत. उद्या-परवा सगळे रानात झोपड्या घालणार. डॉक्टर उद्या दुपारी पुढच्या गावी जाणार. आज ते हसले नाहीत. म्हणाले, पंडितजी, मेरी सुनते नै लोगां. तुमारी सुनते. अब तुम देख लो.

वाटेत कडूबा भेटला. डोक्यावर बाज. मी म्हटले, अरे, आधी टोचून घे. तो म्हणाला, तुमी घ्या, उलट्या पावली येतो. न्हाई तर ह्यो चाललो. आमच्या म्हतारीला रानातला गारठा सोसत न्हाई शास्त्रीबोवा, पर करावं काय?

या वेळी त्याने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरे झाले असते.

ठराव, अखेरचा: उद्या उजाडताच. उपास सुटायची वाट पाहणार नाही.

शु. १२, सकाळ

उठलो. स्नान. संध्या. उपास न सोडता जाणार होतो, पण द्वादशीला पारणे चुकवू नये असे शास्त्र आहे. कुटुंब घरात नव्हती; देवळात गेली असावी. चूल मीच पेटवली, म्हणजे पेटवायचा यत्न केला. मग भाषणाचे कागद शोधले. मग सदरा बदलला, कारण पहिल्याची बाही वर जाईना.

आता निघालो.

शु. १२, दुपार

पोचलो तेव्हा डॉक्टर पेटी बांधत होते. चावडीबाहेर माणसेच माणसे, सगळी उजव्या हाताने डावा दंड धरून. कडूबा. त्याची म्हातारी. पाटील. लहान-थोर सगळे.

मला पाहून कडूबाने रामराम केला. सरळ. तिरका नव्हे.

झुंबरबाईने हकीकत सांगितली. सकाळी डॉक्टर निघायच्या तयारीत, अन् आमच्या काकू आल्या की हो! एकल्याच. पदर खोचला, दंड पुढं केला, म्हनल्या, टोचा. मी म्हनले, काकू, इचारलं का शास्त्रीबोवांना? तर म्हनल्या, इचारायचं काय, त्यांनीच तर लिहिलंय. त्यांच्या हातून व्हायचं न्हाई, पर लिहिलेलं खोटं कसं आसंल? मंग काय, आमी सगळे शिरलो.

डॉक्टरांनी रिकामी बाटली उलटी करून दाखवली. खतम, म्हणाले. मग माझ्या पाठीवर थाप: आपके घर से पैला नंबर लगा ना, बस!

बाटली रिकामी पाहून मला जे वाटले त्याला संस्कृतात 'आनंद' म्हणतात.

शांतपणे विचार करता असे दिसते, की ठराव तडीस गेला. पत्नी ही अर्धांगी. म्हणजे शास्त्रार्थाने मी निम्मा टोचून घेतलेला आहे. तोही सर्वांआधी, चारचौघांत आणि उभ्याने. एडिटरला बातमी पाठवतो: 'आमच्या वार्ताहराच्या कुटुंबापासून आरंभ.' रफार ठळक काढून देणार.

शु. १३

कालपासून तिला ताप. दंड सुजला आहे. हे सर्व लेखाप्रमाणेच आहे. चिंतेचे कारण नाही.

स्वयंपाक मी केला. ती पडल्या पडल्या सांगत होती, मीठ कुठे, तिखट कुठे. वीस वर्षे या घरात राहतो आहे, आणि मीठ कुठे असते ते मला आज कळले. ती एकदा हसली. मग डोळे मिटून घेतले.

कडूबा, झुंबरबाई अंगणात येऊन गेले. त्यांनाही ताप येऊन गेला. कडूबाचा तर सकाळीच उतरला, म्हातारी उठून शेण गोळा करून राहिली आहे म्हणे. झुंबरबाईने आत येऊन कुटुंबाच्या कपाळाला हात लावला आणि काही बोलली नाही. झुंबरबाई बोलली नाही, हे मला आवडले नाही.

शु. १४

ताप उतरलेला नाही. जास्त आहे. डॉक्टर पुढच्या गावाहूनही पुढे गेले. पाटलांनी माणूस घोड्यावर पाठवला आहे.

सकाळी तिने विचारले, लेखात किती दिवस लिहिलंय? मी म्हणालो, एखाद दिवस. ती म्हणाली, मग उतरेल. आणि निजली.

'एखाद दिवस' हे मी कोणाला विचारून लिहिले नव्हते. डॉक्टरांना तेव्हा मी पाहिलेही नव्हते. वाक्याला तोल हवा होता, म्हणून लिहिले. तिने ते खरे मानले. मला वाटत होते, माझे कोणी ऐकत नाही.

सुईची भीती वाटत होती, ती मोठी नव्हती. ही बरी होईल की नाही, मला माहीत नाही. मला फार भीती वाटते आहे.