खंडेनवमीची सुपारी

२१ सप्टेंबर, रविवार
दादाची गाडी आजपासून माझ्या हातात. जुनी अमेरिकन, आठ सिलिंडरची. कोल्हापुरात दुसरी नाही. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. त्याने मागवलेला इनटेक मॅनिफोल्डचा किट तो गेल्यावर पोहोचला. इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा हा जोड आता शोधूनही मिळत नाही. शेडमध्ये खोक्यातच पडून होता. मी बसवणार.
सोळा नोव्हेंबरला दादाच्या अवनीचं लग्न. पोरीची एकच मागणी: बाबांच्या गाडीतून, तोच आवाज ऐकत सासरी जायचं.
संयोगितावहिनी म्हणाल्या, भावजी, हाय तशी चालतीय की. कशाला हात लावताय?
मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. हवेचा दाब मला कोणी शिकवू नये.

२८ सप्टेंबर
जुना जोड निघाला. दोन बोल्ट तुटले. तुटायलाच आले होते. इंजिनाच्या माथ्यावर भोकं उघडी पडली. वहिनींनी येऊन प्रत्येकात चिंधी कोंबली. म्हणाल्या, ह्यांनी कधी तोंडं उघडी ठेवली न्हाईत. दादाला पाने-पक्कड देऊन देऊन त्यांना वाटतं, आपल्याला कळतं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारांची पूजा, काम बंद. आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, इंजिनावर हळदकुंकू वाहिलं. गणपती म्हणून तिथेच सुपारी मांडली.
तेलकट चिंध्या फोटोत बऱ्या दिसेनात. काढल्या. फोटो छान आला. स्टेटसला ठेवला.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी आक्का उत्तरपूजेला आली. दत्त्या, गणपती कुठं हाय?
सुपारी जागेवर नव्हती. म्हटलं, उंदराने नेली. गणपतीला उंदरानेच न्यायचं असतं, शास्त्राला धरून आहे. आक्का हसली नाही. टॉर्च घेऊन गाडीखाली बघत बसली. वहिनींनी विचारलं, चिंध्या कुणी काढल्या? सणासुदीला चौकशा नकोत, म्हणालो.
मुहूर्त चुकू नये म्हणून दुपारीच मॅनिफोल्ड बसवून टाकला.

५ ऑक्टोबर
गाडी सुरू. आवाज भारदस्त. मध्येच कट्. मग पुन्हा कट्.
आक्का दारातूनच म्हणाली, आत कुणीतरी अडकित्ता चालवतंय बघ. ती आता शेडमध्ये येत नाही.
नवा भाग आहे, बसायला वेळ घेणारच. वहिनी म्हणतात, उघडून बघू. उघडलं की सांध्यातलं गॅस्केट नवं लागणार, ते अमेरिकेतून. शिवाय उघडायचं म्हणजे चूक कबूल केल्यासारखं.
संकल्प: आठवडाभर आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही.

१९ ऑक्टोबर
पन्हाळ्याला ट्रायल. घाटात गाडीला दम लागला. उंचीवर हवा विरळ असते. उतरताना बघा, एकदाही अडली नाही.

९ नोव्हेंबर
कट्कट् बंद. मी म्हणत होतोच. वहिनींना बोलावून ऐकवलं. त्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भावजी, गेलं न्हाई ते. आत सरकलंय.
दुसरी गाडी सांगून ठेवू का, असंही विचारलं. मी जेवलो नाही. मग त्यांनी सांगितली नाही.

१६ नोव्हेंबर
सकाळी: झेंडूच्या माळा. चाकाखाली लिंबू. बॅटरी फुल.
संध्याकाळी: अवनी मागे बसली. म्हणाली, काका, चालू करा, मी डोळे मिटते. पहिल्या झटक्यात सुरू. तोच आवाज. दादाचाच. आरशात पाहिलं, पोरीच्या गालांवर पाणी आणि तोंडावर हसू.
चौकापर्यंत.
मग आत काहीतरी फुटलं. मग काहीच आवाज नाही.
अवनी पाहुण्यांच्या टेंपो ट्रॅव्हलरमधून गेली. मागच्या सीटवर, आहेराच्या खोक्यांशेजारी.

२३ नोव्हेंबर
वहिनींनी स्वतः पाने घेतले. मी टॉर्च धरला. मॅनिफोल्ड निघाला, खालचं हेड निघालं. व्हॉल्व्ह वाकलेला, पिस्टन फुटलेला. व्हॉल्व्हच्या तोंडाशी अर्धी सुपारी, काळी पडलेली.
वहिनींनी ती तळहातावर घेतली. आक्का आज शेडमध्ये आली. तिने सुपारीवर अक्षता टाकल्या, म्हणाली, झाली उत्तरपूजा.
मला कोणी काही विचारलं नाही.
आमच्याकडे उंदीर कधीच नव्हते.