पाणमांजराचा फोटो

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळून नऊ दिवस झाले. आईला वाचून दाखवलं, पण शेवटची दोन पानं गाळून. तिला म्हटलं, पुढचं अक्षर लागत नाही. त्यावर ती म्हणाली, "तिचं अक्षर पहिल्यापासून मुंगीचे पाय शाईत बुडवल्यासारखं," आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. आईचं बरं चाललंय. डाव्या कानाने आता काहीच ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणून दिलंय, ते ती डबीत जपून ठेवते, वापरून झिजू नये म्हणून. माझं कामही चालू आहे. सकाळी नऊला दुकान उघडतो, प्लास्टरचे साचे, मेण, कवळ्या. लोक माझे दात लावून हसतात, भांडतात, जेवतात. मी संध्याकाळी हात धुऊन घरी येतो. यापलीकडे कळवण्यासारखं काही नाही, आणि तरी हे पत्र लांबणार आहे.

तू नानांना सत्तराव्या वाढदिवसाला बॅटरीवरची सायकल पाठवलीस तो दिवस तुला फक्त फोनवरून माहीत आहे. माणसाच्या उंचीचं खोकं दुसऱ्या मजल्यावर आणायला दोन माणसं लागली, आणि आई दारातच आडवी उभी राहिली. "गुडघे वाजतात, जिना उतरवत नाही, आणि यांना घोडा हवाय!" नानांनी पेटीतून आपले पाने काढले आणि दुपारपर्यंत सायकल उभी केली. मग बॅटरीवर कान टेकवून, जशी लिफ्टची मोटर ऐकायचे तशी, ऐकली. "आवाजच नाही," म्हणाले. "अडतीस वर्षं लोकांना वर-खाली नेलं. आता मला जरा आडवं जाऊ दे." आईला हसू आलं, आणि तिथेच ती हरली.

पहिला आठवडा ते नुसते इमारतीभोवती फिरले. मग एके दिवशी लॉन्ड्रीच्या मागची भिंत जिथे पडली आहे, तिथून पलीकडे गेले. पलीकडे जुना कालवा आहे हे मलाही ठाऊक होतं, पण लोक मोडकी खाटली टाकतात ती जागा म्हणून. नानांनी शोधून काढलं की कालव्याच्या काठाने मातीची चांगली वाट जाते. ती विजेच्या मनोऱ्यांखालच्या गवताळ पट्टीला मिळते, पट्टी रूळ काढून टाकलेल्या जुन्या रेल्वेमार्गाला, तो पंपघराला आणि पंपघरामागे तळं. अकरा किलोमीटर, एकही सिग्नल नाही. आपण दोघं ज्या वसाहतीत वाढलो तिच्या पाठीला पाठ लावून एवढं सगळं होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. लिफ्टच्या दुरुस्त्या लिहायच्या वहीत ते आता खंड्या कुठल्या तारेवर बसतो ते लिहायला लागले. चढ आला की बटण दाबायचे आणि गुडघे उगाच नावाला फिरवायचे. संध्याकाळी बॅटरी काखोटीला मारून वर आणायची आणि फ्रिजशेजारी चार्जिंगला लावायची. तिथे प्लग एकच. त्यामुळे सायकलचं पोट भरायचं आणि फोन बिचारा उपाशी. आई म्हणायची, "त्या फोनला मेलेल्या माणसासारखा खिशात कशाला वागवता?"

तरी रोज अकराच्या सुमारास मला फोन यायचाच. "बारक्या, ऐक." एवढं म्हणून फोन लव्हाळ्याकडे धरायचे. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. मग सांगायचे: पाणकावळा पंख वाळत घालून बसलाय, धोब्यासारखा, पंपघराच्या गजातून वेल आत शिरलाय, कुत्रेवाली सिस्टर भेटली, तिने चहा पाजला. ही निवृत्त नर्स रोज दोनदा आपलं म्हातारं कुत्रं घेऊन त्या वाटेने जाते. पहिले काही महिने मी मन लावून ऐकलं, ताई. खोटं सांगत नाही. एका रविवारी तर भाड्याची सायकल घेऊन त्यांच्याबरोबर गेलोसुद्धा. ते पुढे, मी मागे. दर दोनशे पावलांवर हात वर करून थांबवायचे, जणू माझ्यामागे शंभर माणसांची फौज आहे. तळ्याशी पोचल्यावर म्हणाले, "मी आयुष्यभर भिंतीच्या आत काम केलं. अंधारात, दोराला लटकून. वर लोक कुठे जातात ते कधी दिसलं नाही." मी म्हटलं, आता दिसतंय ना. ते म्हणाले, "आता वेळ कमी आहे." मला वाटलं, उन्हं वर येत आहेत म्हणून म्हणताहेत.

पुढे मला त्या फोनचा कंटाळा यायला लागला. रोज तीच वेळ, तोच पक्षी, आणि माझे हात मेणात. कधी उचलायचो, कधी कापायचो. ते कधी रागावले नाहीत. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

मग त्यांना पाणमांजर दिसलं. जिथे तीन मोठे पाइप कालवा ओलांडतात, तिथे. मी म्हटलं, घूस असेल. आई म्हणाली, मांजर असेल, पडलं असेल पाण्यात. विश्वास ठेवलास तो फक्त तू. "नाना, फोटो काढा आणि मला पाठवा, मग या दोघांची तोंडं बंद," असं तू म्हणालीस, आणि नाना दोन दिवस शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलासारखे वावरत होते. पहिल्या दिवशी नुसते पाण्यावरचे बुडबुडे आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःचा अंगठा. तिसरा दिवस मंगळवार होता.

इथवरचं तुला माहीत आहे. पुढचंही माहीत आहे असं तुला वाटतं. पाइपांजवळ नीट दिसावं म्हणून ते सायकल उताराच्या कडेला घेऊन गेले, माती ढासळली, ते सायकलसकट खाली कालव्यात आले. खुब्याचं हाड मोडलं, सायकल पायावर, कमरेपर्यंत पाण्यात. थंडीचे दिवस. सिस्टर त्या दिवशी सकाळी कुत्र्याला डॉक्टरकडे घेऊन गेली होती, त्यामुळे ती वाटेवर आली ते संध्याकाळी पाच वाजता. फोन पडतानाच पाण्यात गेला, कुणालाच बोलावता आलं नाही. हे सगळं आम्ही तुला सांगितलं, कारण शुद्धीवर आल्यावर नानांनी आम्हाला तेच सांगितलं.

ताई, फोन पडताना पाण्यात गेला नव्हता. दहा चाळीसला माझा फोन वाजला. एका बाईंची कवळी दुपारपर्यंत द्यायची होती, तिच्या मुलीचं लग्न होतं. मी कापला. दहा पंचेचाळीसला पुन्हा. पुन्हा कापला. दहा पन्नासला तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. पलीकडून "बारक्या, ऐक" एवढं आलं. आवाज बसलेला होता, मला वाटलं, पक्षी उडू नये म्हणून हळू बोलताहेत. मी म्हणालो, "नाना, कामात आहे. तुमचं पाखरू संध्याकाळी." आणि ठेवला. ठेवून वर शेजारच्या टेबलावरच्याला म्हणालो, "आमच्या म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही." तो हसला. मीही हसलो. नंतर फोन आला नाही, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

हाड मोडून माणूस मरत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सहा तास थंड पाण्यात पडून राहिल्याने छाती भरली, त्यानेच ते गेले. लवकर आणलं असतं तर दोन महिन्यांत काठी घेऊन चालले असते. तू तेव्हा विमानतळावर होतीस. मी ते ऐकलं, दवाखान्याच्या जिन्यावर गेलो आणि माझ्या फोनमधल्या त्या तीन नोंदी पुसून टाकल्या. मग परत येऊन आईशेजारी बसलो. त्याआधी, दवाखान्यातले पहिले दोन दिवस, नाना बोलू शकत होते. आईने विचारलं, "बारक्याला फोन का नाही केलात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छताकडे बघत म्हणाले, "कसा करणार? फोन आधीच पाण्यात." आई घरी गेल्यावर मी त्यांचा हात धरला, तोंड उघडलं, पण त्यांनीच बोलू दिलं नाही. म्हणाले, "त्या बाईंची कवळी बसली का नीट?" ते पडले त्याच्या आदल्या रात्री जेवताना मी सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. मी म्हटलं, बसली. "मग झालं तर." दुसऱ्या दिवशी त्यांना नळी घातली. त्यानंतर ते बोललेच नाहीत.

दोन वर्षं मी स्वतःची समजूत घातली की नानांना तापात आठवत नसेल, माझा आवाज ऐकू गेला नसेल, फोन खरंच पाण्यात पडला असेल. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो. तुझं पत्र आल्यावर पहिल्याच रविवारी मी नानांची सायकल खाली उतरवली आणि त्या वाटेने गेलो. पंपघर पाडलं आहे. कालवा पाइपातून नेण्याचं काम सुरू आहे, अर्ध्या वाटेवर पत्रे ठोकलेत. लव्हाळी कापून ढीग करून ठेवलीत. खंड्या नाही, काहीच नाही. सिस्टर मात्र भेटली, कुत्र्याशिवाय. कुत्रं गेलं. मी कुणाचा मुलगा ते तिला सांगितलं. मग म्हणाली, "एक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. तुमचे वडील सापडले तेव्हा फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात होता, कोरडा, चार्जिंग संपलेला. मला म्हणाले, आधी हा पाण्यात टाका, मग मला हात लावा. मी म्हटलं, अहो कशाला? तर म्हणाले, 'माझा मुलगा भला आहे. कुणी उघडून बघितला तर त्याला जगणं जड जाईल.' टाकेपर्यंत त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही. नर्स होते मी, अशा माणसाशी वाद घालण्यात वेळ जातो हे मला कळतं. टाकला." म्हणजे सहा तास पाण्यात पडल्यावर, माणूस दिसल्यावर, नानांच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हे. मी सायकल तिथेच पत्र्यांना टेकवली आणि चालत घरी आलो. नंतर आणायला गेलो नाही.

आता तुझी शेवटची दोन पानं. तू लिहिलंस की फोटोचा हट्ट तू धरलास, सायकल तू पाठवलीस, तेव्हा वडिलांना तूच मारलंस. नानांची तसबीर तू भिंतीवरून उतरवून ठेवलीस. रात्री गोळी घेतल्याशिवाय डोळा लागत नाही, भावोजी तुला दर आठवड्याला डॉक्टरांकडे नेतात, आणि तू मुलीच्या हातात कॅमेरा बघितलास की अंगावर ओरडतेस. नानांनी मला झाकलं तेव्हा हे त्यांच्या लक्षात आलं नाही की मी बाजूला झाल्यावर तो दोष कुणाच्या तरी अंगावर जाणारच. तो तुझ्या अंगावर गेला, आणि मी दोन वर्षं ते बघत बसलो. फोनवर तू रडायचीस तेव्हा मी तुला म्हणायचो, "असं मनाला लावून घेऊ नकोस." तसबीर पुन्हा भिंतीवर लाव. तू फोटो मागितलास, त्याने ते तीन दिवस आनंदात होते, एवढंच तू केलंस. बाकीचं मी केलं. याने तुझं दुःख कमी होणार नाही, फक्त त्याची जागा बदलेल, आणि वडिलांबरोबर तुझा भाऊही जाईल, हे कळूनच लिहितो आहे. माफी मागत नाही, कारण तू द्यायला गेलीस तर मला ती घेता येणार नाही. आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्याने ते होत नाही. उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. ती गोळी मात्र, जमलं तर, आजपासून बंद कर.

तुझाच,
बारक्या