दिवसा घरी दिसणारा माणूस

नागपूर,
७ जानेवारी २००८

तीर्थरूप नानाजींस,
योगेंद्रचा सा. न. वि. वि.

तुमच्या दुकानातल्या फोनवर असलं बोलणं गिऱ्हाइकांसकट सगळी आर्वी ऐकते, म्हणून लिहितो. कंपनीने एक नवी सोय काढली आहे. आठवड्यातले चार दिवस घरून कॉम्प्युटरवर काम करायचं, दोनच दिवस नागपूरला यायचं. मात्र पगार तिसऱ्या हिश्शाने कमी होईल. आधी आठवडाभर करून पाहा, मग सांगा, असं साहेब म्हणाले.

आईचे गुडघे आता तिला स्वीटीसारख्या अवखळ नातीमागे धावू देत नाहीत. रीता पहाटे ड्यूटीवर जाते. मी शनिवारी रात्री येतो आणि रविवारी संध्याकाळच्या बसने परततो. आईचे हाल बघवत नाहीत म्हणून रीता कंडक्टरची नोकरी सोडायचं म्हणते आहे. परीक्षा देऊन, सगळ्यांचं ऐकून घेऊन मिळवलेली नोकरी आहे ती. मी घरी राहिलो तर तिला सोडावी लागणार नाही. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. आईला नमस्कार, स्वीटीला गोड पापा.

पगाराबरोबर माझ्यावरचा लोभ कमी करू नये, ही विनंती.

आपला (अजून तरी) आज्ञाधारक,
योगेंद्र


आर्वी,
१६ जानेवारी २००८

चि. योगेंद्रास,
अ. उ. आ.

सोबत तिळगूळ पाठवतो आहे, पुढचं कडू त्याच्यासोबत गिळ. तोच माल, तेवढाच माल, आणि भाव मात्र उतरवून द्यायचा, हे मी चाळीस वर्षांच्या धंद्यात केलं नाही. शिवाय आपल्या गल्लीत दिवसा घरी दिसणारा धडधाकट माणूस म्हणजे एक तर आजारी, नाही तर नोकरीवरून काढलेला. तिसरा प्रकार इथे कुणाला ठाऊक नाही.

सूनबाईचं म्हणशील तर पोरगी फार गरीब आहे. सहा वर्षांत माझ्यापुढे तिच्या डोक्यावरचा पदर ढळला नाही की आवाज चढला नाही. असल्या पोरीने एस.टी.तल्या गर्दीशी कसं निभवावं? सोडते म्हणते तर सोडू दे. यावर तुझी आई म्हणाली की तुमाले काय समजते त्यातलं. तेही कळवतो, उगाच लपवाछपवी नको.

तरी आठवडाभर येऊन पाहा. भारनियमनाची वेळ विचारून ठेवतो. तब्येतीला जप, आणि बापाचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
नानाजी


आर्वी,
५ फेब्रुवारी २००८

चि. योगेंद्रास,
अनेक आशीर्वाद.

तू परतलास, पण गल्ली अजून सावरली नाही. तुझ्या त्या आठवड्यात समोरचे बापूराव शहाळं घेऊन प्रकृती विचारायला आले. तू कानाला यंत्र लावून भिंतीकडे बघत इंग्रजी बोलत होतास. दुखणं डोक्यात गेलं असं समजून बिचारे शहाळं ठेवून गेले. मंदाबाईने तर तुझ्या आईजवळ बसून डोळे पुसले. म्हणे, नोकरी गेली तं जाऊ द्या, पोरगं हाताशी तं हाये.

काल स्कूटर बिघडली म्हणून वर्ध्याला बसने गेलो. गाडी नेमकी रीताची. तीच का ही, असं झालं रे मला! खाकी गणवेश, खांद्याला पिशवी, आणि मागे सरका म्हणाली की शेवटच्या सीटपर्यंत माणसं सरकत होती. माझ्यापाशी आली आणि अर्ध्या तिकिटासाठी वयाचं कार्ड मागितलं. सासऱ्याला! कार्ड घरी राहिलेलं. तिने पूर्ण तिकीट फाडलं आणि पुढे गेली. मला असा अभिमान वाटला की वर्ध्यापर्यंत एकटाच हसत होतो.

वाटेत एका फाट्यावर कॉलेजच्या पोरी चढल्या. एका बापाने आधी वाकून कंडक्टर कोण ते पाहिलं, मग पोरीला चढवलं. शेजारचा माणूस सांगू लागला की ह्या बाई सुटीवर राह्यल्या का पोरी घरीच राह्यतात, दुसऱ्या गाडीनं कोणी धाडत नाई. तो तिचं कौतुक करत राहिला आणि मी कोण ते न सांगता मी त्याला आणखी विचारत राहिलो.

तेव्हा कमी पगाराला हो म्हण. इन्व्हर्टर मी बसवतो आणि ओट्यावर मी बसतो. शहाळंवाल्यांना तिथूनच वाटेला लावीन. धंद्यातल्या माणसाचा हिशेब चुकला हे बाहेर बोलू नकोस, एवढी मेहेरबानी कर.

तुझा,
नानाजी


आर्वी,
१४ मार्च २००८

चि. योगेंद्रास,
अ. उ. आ.

दोनच दिवसांसाठी गेलास, तरी लिहितो आणि नागपूरच्या गाडीने धाडतो. काल रात्री बॅग सापडेना म्हणून तू घर डोक्यावर घेतलंस. ती कुठे होती ते मला ठाऊक होतं, पण पोरीसमोर सांगवेना.

नव्या सोयीच्या या पहिल्याच सोमवारी पहाटे तू झोपला होतास. स्वीटी उठली, तुझी बॅग दाराशी दिसली, आणि तशीच अनवाणी आईमागे अंगणात पळाली. आई, तुझी गाडी थांबवजो, बाबा राह्यले, असं रडवेली होऊन सांगू लागली. अख्खी बस हलवणारी रीता तिथेच पायरीवर बसली. शेवटी मीच सांगितलं की बाबा आज जाऊन नाई राह्यले, घरीच हायेत. रीताने तिला कुरवाळलं आणि डोळे पुसत ड्यूटीवर गेली.

पोरगी काही वेळ दारातच उभी होती. माझ्यावर तिचा भरवसा बसला नसावा. मग दोन्ही हातांनी ती बॅग ओढत आत नेली, गव्हाच्या कोठीमागे ढकलली, आणि वर आपली गोधडी टाकली.

शनिवारी लवकर निघ. लोभ आहेच, तो वाढतो आहे.

तुझा,
नानाजी