माहेरचं कढत पाणी

समा, बडोदे
ता. १८ सप्टेंबर २०२२

ती. वन्सं यांना
निरुपमाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. फोन करावा तर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि सुभाष मध्ये पडून सांगायला लागला की आपलं बोलणं त्याचंच होऊन जातं. तुमचा मुलगा आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. त्यापेक्षा कागद बरा. तुम्ही शाळेतून निवृत्त झालात तरी माझ्या पत्रावर लाल शाई चालवत असणार. चालवा. सातवीनंतर जे शिकले ते मिळेल ते वाचून शिकले, त्यामुळे तपासायला कुणी नव्हतंच.

या आठवड्यात यांचा पक्ष झाला. गुरुजींना घरी बोलावून शिधा दिला. या वेळी स्वयंपाकाचा घाट घातला नाही. कावळ्यापुरता भात केला, तो गच्चीवर ठेवला आणि कावळा लगेच शिवला.

माझं बरं चाललं आहे. पुरणपोळीच्या ऑर्डरी येतात, पूर्वीइतक्या नाहीत. शेजारचे धवलभाई जाता-येता मासी, काही आणायचं का, असं विचारतात. मांडवीच्या बाजारात गेले की डाळ-गूळ आणून देतात. दुपारी खिडकीशी बसून वाचते. सध्या एका जहाजाच्या कप्तानाचं आत्मचरित्र हाती आहे. मी समुद्र एकदाच पाहिला, तोही तुमच्या भावाच्या चपला धरून.

आता एक लिहायचं आहे. दिवाळीला तुम्ही यायचं म्हणता, पण या वर्षी नाही आलात तर बरं. तुमचे गुडघे, सणाची गर्दी, सुरतेला गाडी बदलायची. शिवाय आमच्या न्हाणीघरात दुरुस्ती निघाली आहे, ती किती दिवस चालेल सांगता येत नाही. पुढे उन्हाळ्यात सवडीने या. गैरसमज करून घेऊ नये.

सुभाषला आणि सूनबाईंना आशीर्वाद. तुमची माया आहे तशी असू द्यावी.

आपली,
निरुपमा

---

अमळनेर
ता. २६ सप्टेंबर २०२२

चि. निरुपमास
अनेक उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आज घट बसले. सूनबाईने सगळं नीट केलं.

न येण्याबद्दल लिहिलंस ते समजलं. गेल्या वर्षी दीनानाथला जाऊन वर्ष व्हायचं होतं, तेव्हा दिवाळी नव्हतीच. मी आले नाही आणि तू बोलावलं नाहीस, ते रीतीला धरून होतं. या वर्षी मात्र मी दिवस मोजत होते, हे आता लिहायला हरकत नाही. भाऊ नसला तरी भाऊबीजेला त्याच्या घरात बसावं, एवढंच मनात होतं. न्हाणीघराची दुरुस्ती दिवाळीपर्यंत चालते असं मी कुठे ऐकलं नाही, पण बडोद्याचे गवंडी वेगळे असतील.

आमच्या शाळेत बरोबरच्या बायका म्हणायच्या की भाऊ गेला की माहेर गेलं. मी त्यांना हसत असे. म्हणत असे, आमची निरू तशी नाही.

एक काम कर. आतल्या खोलीत कॉटखाली माझी ट्रंक आहे. त्यात दोन नऊवारी, एक शाल, माझा चष्मा आणि लोकरीचे मोजे आहेत. लुगडी कुणा गरजू बाईला दे. शाल तुला ठेव. बाकीचं टाकून दे. घरात उगाच जागा अडायला नको. दीनूच्या पक्षाला शिधा दिलास हे वाचलं. त्याला अळूची भाजी आवडायची. असो.

प्रकृतीस जप. आशीर्वाद आहेतच, ते मागून घ्यावे लागत नाहीत.

तुझी,
इंदिरा

---

समा, बडोदे
ता. ४ ऑक्टोबर २०२२

ती. वन्सं यांना
निरुपमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुपारी आलं. वाचलं, घडी घातली, पुन्हा कामाला लागले, आणि पुरण करपलं. इतक्या वर्षांत माझं पुरण करपलं नव्हतं.

ट्रंक मी उघडलेली नाही आणि उघडणारही नाही. आता खरं लिहिते. न्हाणीघरात काहीही दुरुस्ती नाही. गॅसचा गिझर भिंतीवर आहे तिथेच आहे आणि चालू आहे. मीच तो लावत नाही.

आमच्या पाइपच्या गॅसचा दर वर्षभर चढतोच आहे. आधी मला वाटलं, कुठेतरी गळती असावी. हे गोरव्याला कारखान्यात भट्टीवर होते, तेव्हा घरी आल्यावरही सांधे तपासत बसायचे. त्यांच्यासारखंच साबणाचं पाणी लावून मी सगळा पाइप पाहिला. एक बुडबुडा आला नाही. मग मीटर वाचायला येणाऱ्या माणसाला गाठलं. त्याने जुनी बिलं बघून सांगितलं, मासी, वापर तर तुमचा घटला आहे, भाव वधला आहे, म्हणजे वाढला.

तेव्हापासून मी पेपरातलं ते पान वाचायला लागले जे हे वाचायचे आणि मी भाजी निवडायला पसरायची. आपल्याकडचा पुष्कळ गॅस परदेशातून येतो. तो गार करून, पातळ करून जहाजात भरतात. या वर्षी तिकडे लढाई लागली, तर थंडीच्या देशांनी मागाल तो भाव देऊन जहाजंच्या जहाजं उचलली. मग आपल्या लोकांनाही घाऊक घ्यायचा तर त्याच भावाने. तिथे वाढलं ते फिरत फिरत माझ्या दोन बर्नरच्या शेगडीपर्यंत येतं. विजेचंही तसंच. वीज करायला कोळसा महाग, गॅस महाग, म्हणून लाइटबिलात इंधनाचा आकार वेगळा लावतात आणि तो दर युनिटमागे असतो. मी पंखा बंद करते, तर युनिटं कमी होतात. पण राहिलेलं प्रत्येक युनिट आधीपेक्षा महाग. हे सगळं कळल्यावर एक समाधान झालं की यात माझी काही चूक नाही. समाधानावर पाणी मात्र तापत नाही.

पुरणाची डाळ शिजायला वेळ घेते, पोळी मंद आचेवर भाजावी लागते. पोळीचा भाव वाढवला तर निम्म्या बायकांनी दुकानातली आणायला सुरुवात केली. वाढवला नाही तर सगळं गॅसमध्ये जातं. म्हणून मी सकाळी एकदाच रांधते. अंघोळ गार पाण्याने. उजेड असेपर्यंत वाचते. आणि म्हणूनच यांच्या पक्षाला शिधा दिला. अळूची भाजी त्या दिवशी मलाही आठवली होती, वन्सं. तुम्ही लिहिल्यावर फार लागलं.

ऑगस्टमधलं लाइटबिल आलं तेव्हा मी उंबऱ्यातच उभी राहिले. आकडा ओळखीचा होता. यांच्या शेवटच्या हिवाळ्यात ऑक्सिजनचं यंत्र रात्रंदिवस चालायचं, तेव्हा बिल इतकंच यायचं. मला आतल्या खोलीतून त्या यंत्राची घरघर ऐकू आली असं वाटलं. मी जाऊन पाहिलं सुद्धा. यंत्र तर भाड्याचं होतं, तेराव्यानंतर परत गेलं. तेव्हा बिल भरताना कधी जड गेलं नाही. वाटायचं, बिल येतं आहे म्हणजे हे आहेत. आता तेवढंच भरायचं आणि खोली रिकामी.

अशा घरात तुम्हाला कोणत्या तोंडाने बोलावू? तुम्ही आलात की हे तुमच्या आधी उठून गिझर लावायचे. ताईचे गुडघे, ताईला कढत पाणी, ताईला गरम सांजा. दिवाळीचा फराळ तर तुमच्यासमोर बसून, तुमच्या हातून मीठ घालून व्हायचा. आता माहेरवाशिणीला कोमट पाण्याची बादली देऊ आणि सकाळचं वरण संध्याकाळी वाढू, हे मला जमेना. म्हणून खोटं लिहिलं. तुम्ही नको होतात म्हणून नाही.

पैसे पाठवू नका. पाठवलेत तर मी परत करीन. माहेरवाशिणीच्या पैशावर माहेर चालवायचं नसतं, एवढं सासूबाईंनी मला शिकवलं आहे.

माझ्यावर राग असेल तर असू द्या, पण मायेला त्याची झळ लागू देऊ नका.

आपली,
निरुपमा

---

अमळनेर
ता. ११ ऑक्टोबर २०२२

चि. निरूस
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा तपासलं. शुद्धलेखनाच्या चुका तीन. अकलेची एकच, पण मोठी.

मी कढत पाण्यासाठी बडोद्याला येत होते असं तुला वाटलं? कढत पाणी अमळनेरात पण मिळतं. इथे सूनबाई रोज वेळेवर देते. पण ती दार ठोठावते, मला ऐकू जात नाही, मग सुभाष येऊन ओरडतो, आणि सकाळ होते ती अशी. तुमच्याकडे दीनू कधी ओरडला नाही. येऊन पायाच्या अंगठ्याला हात लावायचा. मी त्याच्यासाठी यायची, आणि तुझ्यासाठी. तू शेगडीशी वाचायला बसायचीस आणि मला मोठ्याने वाचून दाखवायचीस. मला निम्मं ऐकू येत नव्हतं. कधी सांगितलं नाही, कारण तू फार मन लावून वाचत होतीस.

ट्रंकेबद्दल लिहिलं ते रागाने लिहिलं. लिहून झाल्यावर देवघरात बसून रडले. सूनबाईला वाटलं नवरात्राचा उपास सोसला नाही, तिने लिंबूपाणी दिलं. ते प्याले.

यंत्राबद्दल लिहिलंस तिथे पुढे वाचवेना. पत्र खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन आले. अगं, एवढं सोसलंस आणि मला न्हाणीघराची दुरुस्ती कळवतेस?

आता ऐक. पैसे मी पाठवत नाही. तू परत करशील हे मला ठाऊक आहे. तू हट्टी आहेस आणि ज्यांनी तुला तो हट्ट शिकवला त्या तुझ्या सासूबाई माझीच आई होत्या. म्हणून त्यांच्याच रीतीने करू. भाऊबीजेला पाट मांड, रांगोळी काढ. दीनूच्या जागी मी बसते. तू मला ओवाळ. आपण दोघी कुंकू लावत नाही, तर नुसत्या अक्षता लाव. भावजयीने नणंदेला ओवाळल्याचं मी कुठे पाहिलेलं नाही. गुरुजींना विचारायला जाऊ नकोस, ते काहीतरी सांगतील. तुला भाऊ कधी नव्हता, माझा आता नाही. दोघींतल्या एकीने भाऊ व्हायला हवं, आणि मी थोरली आहे.

मी भाऊ झाले की ताटात ओवाळणी घालणारच. ओवाळणी परत करायची नसते, हेही तुझ्या सासूबाईंनी तुला सांगितलं असेल. मी मुक्काम संक्रांतीपर्यंत करीन. त्या ओवाळणीतून तेवढ्या दिवसांचा गॅस आणि तेवढ्या दिवसांचा उजेड. माझी पेन्शन बँकेत नुसती पडून असते. सुभाष तिचं व्याज मोजत बसतो, त्यापेक्षा तिच्यावर डाळ शिजू दे. मी पुरण वाटीन. हात अजून चालतात. तेवढ्या वेळात तू मोठ्याने वाचत जा. या खेपेला कानाचं मशीन घेऊन येते आहे. जहाजाच्या कप्तानाचं काय झालं ते मला सगळं ऐकायचं आहे.

तिकीट झालं आहे, २४ तारखेचं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पोचेन. नको म्हणायचं असेल तर स्टेशनवर येऊन म्हण. मशीन काढून ठेवीन.

तुझी,
वन्सं

---

समा, बडोदे
ता. १७ ऑक्टोबर २०२२

ती. वन्सं यांना
निरूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीत तशीच बसून राहिले. धवलभाई शिडी मागायला आले होते. दार उघडं आणि मी रडते आहे, म्हणून घाबरले. मी त्यांना सांगितलं की माझी मोठी नणंद दिवाळीला येते आहे. ते म्हणाले, तो पछी रडो छो शाना, मासी? मग रडता कशाला? मी त्यांना शिडी काढून दिली.

स्टेशनवर मी येईन. धवलभाई गाडी काढणार म्हणतात. तुम्ही पायऱ्यांवर घाई करू नका.

पाट मांडीन. ओवाळीन. ओवाळणी घेईन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. सासूबाईंचं नाव काढलंत, आता मी काय बोलणार. फराळ थोडाच करू, दोघींपुरता, आणि धवलभाईंकडे एक ताट. उरलेल्या आचेवर पोळ्यांच्या ऑर्डरी.

पण माझीही एक अट आहे. तुम्ही भाऊ व्हायचं म्हणता, तर नुसतं पाटावर बसून भागणार नाही. भावाची कामंही करावी लागतील. सकाळी माझ्या आधी उठून गिझर तुम्ही लावायचा, बादली तुम्ही भरायची, आणि येऊन माझ्या अंगठ्याला हात लावायचा. इतकी वर्षं तुमच्यासाठी पाणी तापताना मी बघत आले. मला कुणी उठवलेलं नाही, वन्सं. एकदा तरी पहिली बादली माझी.

या लवकर. लोभ बरोबर घेऊन या, इथे ठेवायला पुष्कळ जागा आहे.

आपली,
निरू