सहाचा अंधार

ती. ताई,
नमस्कार. तिकीट रद्द करायचं नाही.

पिवळ्या तापाची लस निघायच्या दहा दिवस आधी टोचून घे. दाखला पासपोर्टमध्येच ठेव. सुती कपडे आण. स्वेटर नको, इथे थंडी नावालाही नाही. पाणी मी उकळून ठेवते, मच्छरदाणीही लावलीय. गुडघ्याला तेल लावतेस ना?

आता तू यायला का कचरतेस, त्याचं खरं कारण. भाऊजी गेल्यापासून दिवेलागणीला तुला घर खायला उठतं, हे माझ्यापासून लपवू नकोस. इथे विषुववृत्ताजवळ बाराही महिने सहा-साडेसहाला झपकन अंधार पडतो, आणि मी कामावर असले तर तू घरात एकटी. म्हणून माझ्या प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं, "ताई आहे तोवर मी पाचला निघणार."

"आणि काम?"

"सकाळी सातला येऊन करीन."

रोज साडेपाचला मी घरी असेन. चहा मी टाकीन, दिवा तू लाव.

तुझी,
धाकटी