दारापासून सोळा पावलं

३ नोव्हेंबर
कोपरगावहून टेम्पोनं पोचलो. चार एकर उभ्या उसाच्या मधोमध एक खोली, पुढे अंगण, रस्त्याला लागणारी एकच पायवाट. संशोधकाला आणखी काय हवं! मालकीणबाई बनुबाई पलीकडच्या वस्तीवर राहतात. दुपारी डबा उंबऱ्यावर ठेवून जातात. आज हुलग्याचे शेंगोळे होते, बोटं चाटून खाल्ले.

कामही मजेचं. उसातले ससे भूक आणि भीती यांचा मेळ कसा घालतात, ते संगणकातल्या न्यूरल नेटवर्कला शिकवायचं. ज्वारीची ताटली रोज उसापासून लांब सरकवायची: एक, दोन, चार, आठ, सोळा पावलं. कॅमेरा टिपतो, नेटवर्क शिकतं. ससा 'सर सलामत तो पगडी पचास' म्हणत बसतो खरा, पण पोट ऐकत नाही.

१२ नोव्हेंबर
ससा केव्हा बाहेर पडणार, हे नेटवर्क आता आदल्या दिवशीच सांगतं. एकदाही चुकलं नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश आहे.

डबा आज उंबऱ्याऐवजी एक पाऊल पुढे होता. बनुबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला असावा.

१४ नोव्हेंबर
काल दोन पावलं. आज चार. बिबट्याची खोडी म्हणावं, तर बिबट्या डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवत नाही.

बनुबाईंना फोन केला. म्हणाल्या, मी तर सोमवारपास्नं जामखेडला लेकीकडं हाय, डबा बंद हाय म्हनून सांगाया गोरक्षला धाडलं हुतं, आला न्हाई व्हय?

त्यांचा मुलगा गोरक्ष आलाच नाही. मग हे चार दिवस मी कुणाच्या हातचं जेवतोय?

१५ नोव्हेंबर
बॅग घेऊन निघालो. मी चाललो की शेजारचा ऊस सळसळायचा, थांबलो की थांबायचा. पायवाटेवर पुरुषाची एकच चप्पल पडली होती. धावत परत आलो.

डीपी जळाली, वीज नाही, फोन बंद. डबा आठ पावलांवर. आणला नाही. मला फार भीती वाटते आहे.

१६ नोव्हेंबर
सोळा. अगदी उसाला लागून.

माझीच पावलं. माझाच क्रम. कुणीतरी माझ्याकडून शिकलंय—

१७ नोव्हेंबर
तिसरा उपास. सशांची ज्वारीही चावून संपवली.

लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या चार्जिंगवर नेटवर्कला सशाऐवजी माझे आकडे दिले: किती उपास, किती पावलं. उत्तर आलं: उद्या, दुपारी.

नाही जाणार. दाराची कडी टॉवेलनं बांधली. तीन गाठी.

१८ नोव्हेंबर, दुपार
आज झाकण उघडं. वाफ दिसते. आमटीचा वास खोलीभर—

ऊस मुळीच हलत नाही. कुणी नसेलही. सोळाच पावलं—

नाही. नाही जाणार.

दोन गाठी सुटल्यात. कुणी सोडल्या? खोलीत मी एकटा— माझीच बोटं तिसरी