दुसऱ्या कंट्रोलरच्या गाड्या

४ जून

ती. मामास, सा. न. वि. वि.

तुमचा माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम चालू केला! आमचा गट अशा यंत्रांचं फर्मवेअर, म्हणजे चिपमधला मूळ प्रोग्रॅम, उतरवून जपून ठेवतो. तुमचं आमच्या शुद्ध प्रतीशी ताडलं, तर नऊ ठिकाणी फरक. म्हटलं, चिप म्हातारी झाली. शुद्ध प्रत भरून टाकली.

मग आईला खेळायला बसवलं. तिने सवयीने दुसरा कंट्रोलर घेतला आणि तीनदा पहिल्याच वळणावर समोरून सुसाट आलेल्या गाडीवर आपटली. "हा आपला नव्हे," म्हणाली आणि उठून गेली. दोन दिवस त्या खोलीत फिरकलीही नाही. माझं काय चुकलं?

तुमचं अक्षर हल्ली फार हलतं. डॉक्टरांना दाखवा. रागावलात तरी लोभ असू द्या.

तुमची चिमणी

९ जून

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, काय करून बसलीस! चिप म्हातारी नव्हती, मीच बदलली होती. तुझ्या आईचा लहानपणी डावा हात मोडला, बोटं नीट वळेनात. प्रत्येक शर्यत हरायची. एक दिवस कंट्रोलर ठेवला तो ठेवलाच. मी तेव्हा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात शिकत होतो. मालकांच्या हातापाया पडून चिप नव्याने लिहिली: दुसऱ्या कंट्रोलरने खेळताना समोरून येणाऱ्या गाड्या हळू पळतील अशी. तिने मला हरवलं आणि घरभर नाचली.

पस्तीस वर्षं तोंडाला कुलूप आहे. तिला कळलं तर तिच्या सगळ्या जिंकण्यावर पाणी पडेल. पुसण्याआधी जुनी प्रत काढली होतीस ना? माझ्याकडून आता पुन्हा व्हायचं नाही. बोटं थरथरतात, आणि डॉक्टर म्हणतात, हे असंच राहणार. आईला यातलं काही सांगू नकोस. लवकर कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझा मामा

१४ जून

प्रिय दादास, सा. न.

पाकिटावर नाव चिमणीचं होतं, पण अक्षर तुझं, म्हणून मीच फोडलं. रागाव हवं तर.

मला ठाऊक होतं रे. मैत्रिणीकडे हाच खेळ होता, तिथे गाड्या सुसाट पळायच्या. तुला बोलले नाही, कारण हरताना तू इतका खूश दिसायचास. त्यावर मी कशाला विरजण घालू? म्हणून तर त्या दिवशी खेळ टाकून उठले. वाटलं, तू माझ्यासाठी केलेलं पुसलं गेलं.

हात लावण्याआधी प्रत काढायची, हा चिमणीच्या गटाचा पहिला नियम. त्यामुळे जुनं सगळं शाबूत आहे. काल तिने ते नऊ फरकांसकट परत भरलं, आणि प्रतीवरचं "खराब" खोडून "मामाची" असं लिहिलं.

बोटांचं मला का नाही कळवलंस? रविवारी ये. माझा हात आता ठणठणीत आहे, पहिला कंट्रोलर मी घेते. दुसऱ्यावर तू बस.

लोभ आहेच, तो घेऊन ये.

तुझी धाकटी